अठ्ठ्याण्णव टक्के अचूक!

सौरज्वालांचे भाकीत आता ९८ टक्के अचूक करता येते, अशा अर्थाच्या बातमीचे कात्रण मध्यंतरी एका शिक्षकमित्राने पाठवले. सोबत एकच ओळ होती : ‘वर्गात सांगू का?’ मी कळवले, जरूर सांगा, पण विज्ञानाच्या नव्हे, गणिताच्या तासाला.

सौरडागांच्या समूहावर पीळ पडलेल्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठत जाते. ती अचानक मोकळी झाली की क्ष-किरणांचा झोत निघतो, हीच सौरज्वाला. झोताच्या तीव्रतेवरून ज्वालांचे ए, बी, सी, एम आणि एक्स असे वर्ग करतात व प्रत्येक वर्ग आधीच्या वर्गाच्या दहापट असतो. एक्स वर्गाच्या ज्वालेमुळे पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूवर लघुलहरींचा रेडिओ संपर्क तुटू शकतो. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात, त्यामुळे ज्वाला आपल्याला दिसते त्याच क्षणी ती पोचलेलीही असते. म्हणून इशारा द्यायचा तर आधी, डागांकडे पाहूनच द्यावा लागतो.

आता तो ९८ चा आकडा पाहू. चोविसाव्या सौरचक्रात, म्हणजे २००८ ते २०१९ या काळात, एक्स वर्गाच्या ज्वाला पन्नासच्या आसपास झाल्या. अकरा वर्षांचे दिवस सुमारे ४०००. समजा एखाद्याने दुर्बिणीवरचे झाकणही न काढता रोज ‘उद्या एक्स ज्वाला नाही’ असे लिहून ठेवले, तर तो फार तर ५० दिवस चुकेल. त्याची अचूकता पावणेनव्याण्णव टक्के! कात्रणातल्या यंत्रणेपेक्षा हा आळशी गृहस्थ सरस ठरतो.

ही गफलत जुनी आहे. १८८४ साली अमेरिकेच्या लष्करातील जॉन फिन्ले यांनी टोर्नेडो होईल की नाही याची २८०३ भाकिते केली. त्यांनी ‘होईल’ म्हटले आणि झाला, असे २८ वेळा घडले. ‘होईल’ म्हटले पण झाला नाही, असे ७२ वेळा. ‘नाही’ म्हटले आणि झाला, असे २३ वेळा. उरलेल्या २६८० वेळा ‘नाही’ म्हटले आणि झालाही नाही. एकूण अचूकता ९६.६ टक्के. त्याच वर्षी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी दाखवून दिले, की सगळ्या वेळी ‘नाही’ म्हटले असते तर ती ९८.२ टक्के भरली असती.

हा किस्सा बहुधा इथेच हसून संपवतात. मला मात्र तो फिन्लेंवर अन्याय वाटतो. प्रत्यक्ष झालेल्या ५१ टोर्नेडोंपैकी २८ त्यांनी पकडले, म्हणजे ५५ टक्के. टोर्नेडो न झालेल्या २७५२ वेळांपैकी ७२ वेळा त्यांनी खोटी हाकाटी केली, म्हणजे २.६ टक्के. पहिल्यातून दुसरे वजा केले की ५२ उरतात. सदैव ‘नाही’ म्हणणाऱ्याने एकही टोर्नेडो पकडला नाही आणि खोटी हाकाटीही केली नाही. त्याची वजाबाकी शून्य. आज सौरज्वालांच्या भाकितांचे कौशल्य मोजण्यासाठी हीच वजाबाकी सर्रास वापरतात. बातमीत मात्र ती येत नाही.

डागांवरून काही कळते का? कळते. मॅकिंटॉश यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात प्रत्येक डागसमूहाला तीन अक्षरे मिळतात : समूहाचा प्रकार व विस्तार, सर्वांत मोठ्या डागाची उपछाया आणि आतली दाटी. त्या प्रकारच्या समूहांनी पूर्वी किती ज्वाला दिल्या, त्यावरून उद्याची शक्यता टक्क्यांत सांगतात. ही पद्धत मला प्रामाणिक वाटते; ती ‘होणार’ म्हणत नाही, ‘इतकी शक्यता’ म्हणते.

तिची मर्यादा २०१७ च्या सप्टेंबरात दिसली. १२६७३ क्रमांकाचा समूह महिन्याच्या सुरुवातीला एक साधा, निरुपद्रवी डाग होता. ३ तारखेपासून त्याच्याभोवती नवे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने वर आले आणि ६ तारखेला त्या चक्रातली सर्वांत मोठी, एक्स ९.३ ची ज्वाला भडकली. १ तारखेच्या छायाचित्रात हे कुठून दिसणार? शिवाय आपण चुंबकीय क्षेत्र नीट मोजतो ते सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरचे. ऊर्जा साठते ती त्याच्या वर, प्रभामंडलात, आणि तिथले मोजमाप फार कठीण.

(ज्वाला आणि पृथ्वीवरचे चुंबकीय वादळ या दोन गोष्टी आहेत, हेही बातम्या विसरतात. १ सप्टेंबर १८५९ ची ज्वाला कॅरिंग्टन यांनी पाहिली आणि साडेसतरा तासांनी वादळ आले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्याची नोंद आहे. उलट ऑक्टोबर २०१४ मध्ये १२१९२ या प्रचंड समूहाने सहा एक्स ज्वाला दिल्या, पण पृथ्वीवर मोठे वादळ काही आले नाही.)

आता संगणकाला हजारो चुंबकीय नकाशे दाखवून शिकवतात. त्यात एक फसवी जागा आहे. एक समूह आपल्याला जेमतेम दोन आठवडे दिसतो आणि तासाभराच्या अंतराने घेतलेले त्याचे नकाशे जवळजवळ सारखेच असतात. सगळे नकाशे पिसून काही शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी ठेवले, तर सरावातलाच प्रश्न परीक्षेत येतो. गुण भरघोस पडतात! त्या समूहाचे सारे नकाशे परीक्षेतून वगळले की ते उतरतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत अनेक पद्धती एकाच माहितीवर पारखल्या होत्या. कोणतीही एक इतरांहून ठळकपणे सरस ठरली नाही.

आदित्य-एल१ हे आपले यान जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जागी पोचले. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली. अशा यानांकडून माहिती वाढेल तसे दावेही वाढतील. माझ्या मित्राच्या कात्रणात फिन्लेंसारखे चार आकडे कुठेच नव्हते, म्हणून त्या ९८ चे काय करायचे ते मला सांगता आले नाही.

मित्राने फिन्लेंचे गणित वर्गात घेतले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, रोजच “होणार” म्हटले तर?’ मग एकही ज्वाला सुटणार नाही, शंभर टक्के. आणि ज्वाला नसलेल्या प्रत्येक दिवशी हाकाटी, तीही शंभर टक्के. वजाबाकी तिनेच फळ्यावर केली.