वाँटेजची आजीबाई

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, हा वऱ्हाडातला जुना रिवाज आपल्या ख्रिस्ती घरांनीही सोडलेला नाही. अमरावतीच्या असोत वा अकोल्याच्या, आमच्या धर्मग्रामांतील लेकी दिवस भरत आले की मायजवळ येतात. बाळ जन्मले की शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, बाळाची टाळू भरणे, पायांवर आडवे घेऊन अंघोळ घालणे ही सारी कामे आजी आपल्या हाती घेते. बाळंतिणीने पाजावे आणि निजावे. पुढे स्नानसंस्काराच्या दिवशी बाळाला चर्चमध्ये नेताना कुंची कोणी शिवायची, धर्ममाता कोणी व्हायचे, याचा निवाडाही बहुधा आजीच्याच दरबारी होतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या व्यवस्थेत मोठी फट पडली आहे. लेक आखाती देशांत, अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात असते आणि तिचे बाळंतपण तिथेच होते. माय काही महिन्यांच्या परवान्यावर जाते, बाळाला न्हाऊमाखू घालते आणि बाळ रांगू लागण्याच्या सुमारास परत येते. पुढचे आजीपण टेलिफोनच्या काचेवर चालते. तिकडे बाळाजवळ कोण असते? शेजारीण, पाळणाघरातील बाई, तिथल्या धर्मग्रामातील एखादी वयस्क स्त्री. ती प्रेमाने करते. पण तिच्या मायेचे ऋण कुठवर घ्यावे, आणि त्या मायेबरोबर येणारी शिकवण कुठवर स्वीकारावी, हा प्रश्न घरोघरी दबक्या आवाजात विचारला जातो.

या प्रश्नाची उत्तरे मराठी वाङ्मयात शोधू लागलो तेव्हा एक विलक्षण ग्रंथ आमच्या हाती आला. तो मराठी बाईचा आहे, पण इंग्रजीत आहे. 'द लेटर्स अँड करस्पॉन्डन्स ऑफ पंडिता रमाबाई' हे त्याचे नाव. सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवलेला आणि संकलित केलेला हा पत्रसंग्रह अ. भि. शहा यांनी संपादित केला व महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. अभ्यासकांनी तो स्त्रीमुक्तीच्या आणि धर्मविचाराच्या अंगाने पुष्कळ चाळला आहे. आम्ही तो एका लहान मुलीच्या संगोपनाची कथा म्हणून वाचावा असे सुचवीत आहोत.

प्रथम घटना थोडक्यात सांगू. रमाबाईंचे आईवडील १८७४ साली दुष्काळात गेले. थोरली बहीण गेली, १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले. तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. २० एप्रिल १८८३ रोजी रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या त्या वेळी त्यांना पंचविसावे वर्ष पुरे होत होते आणि मनोरमेला नुकतेच दुसरे पुरे झाले होते. वाँटेज येथील 'सेंट मेरी द व्हर्जिन' या अँग्लिकन धर्मभगिनीसंघाच्या पुण्यातील कार्यामुळे त्यांचा परिचय झालेला होता; त्याच संघाच्या मठात मायलेकी उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी दोघींचा बाप्तिस्मा तिथेच झाला. त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा त्याच वर्षी तिथे शोकान्त मृत्यू झाला. म्हणजे परक्या देशात मराठी बोलणारे जे एक मोठे माणूस बरोबर होते, तेही उरले नाही.

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. आपल्या लेकी परदेशी बाळ वाढवतात तेव्हा त्या माहेरापासून दूर असतात, पण माहेर असते. रमाबाईंना माहेरच उरले नव्हते. मनोरमेची आजी लक्ष्मीबाई ही नात जन्मण्यापूर्वी सात वर्षे अन्नावाचून गेली होती. स्वतः रमाबाईंना सहा महिन्यांच्या असताना वेताच्या पेटाऱ्यात घालून सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातून खाली आणले गेले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. ज्या बाईचे स्वतःचे बालपण वाटेवर गेले, तिला वाटेवरच लेकरू वाढवायचे होते.

या पार्श्वभूमीवर पत्रांतला एक शब्द वाचकाला थांबवतो. रमाबाई सिस्टर जेराल्डिन यांना 'आजीबाई' म्हणून संबोधतात. पत्र इंग्रजी, विषय बरेचदा धर्मशास्त्राचा, आणि वर मायन्यात हा मराठी शब्द! मनोरमेच्या घरात जी जागा रिकामी होती, ती या एका शब्दाने भरली. अशी नाती जोडणे हा आपल्या भाषेचा स्वभावच आहे. त्याच वर्षी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशींनी थिओडोशिया कार्पेंटर यांना मावशी मानले होते. परदेशातल्या बाईला मराठी बाई प्रथम नाते देते, मग तिच्या घरात पाय ठेवते.

परंतु नाते दिले की हक्कही दिला जातो. संग्रहाचा खरा संघर्ष इथून सुरू होतो. रमाबाई १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहू लागल्या, आणि मनोरमा बराच काळ वाँटेजच्या भगिनींजवळ असे. जेराल्डिन यांनी तिच्यावर माया केली यात संशय नाही. रमाबाईंना मात्र त्रैक्याच्या आणि ख्रिस्ताच्या देवत्वाच्या सिद्धान्ताविषयी शंका येऊ लागल्या होत्या. १८८५ च्या पत्रांत वाद चढत जातो: मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यायचे, ते कोणी द्यायचे, आणि आईला जे पटलेले नाही ते तिच्या मुलीला शिकवण्याचा अधिकार आजीबाईला आहे काय?

प्रथम वाचनात आमची सहानुभूती जेराल्डिन यांच्याकडे गेली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कॅथलिक वाचकाची ती जाणारच. बाप्तिस्मा झालेले मूल श्रद्धेत वाढावे ही काळजी आपल्या धर्ममातांचीही असते. नातवाला 'नमो मरिया' येत नाही म्हणून अकोल्यातली आजी फोनवर डोळे पुसते, तेव्हा तिच्या दुःखात जेराल्डिन यांच्या दुःखाचा काही अंश असतोच.

दुसऱ्या वाचनात मात्र आम्हांला आमची बाजू बदलावी लागली. वादात सिद्धान्त आहे तसा सिद्धान्ताच्या आडून चाललेला रिवाजांचा झगडाही आहे. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडी घातलेली पक्वान्नेही त्या टाळत. याचा जेराल्डिन यांना अहंकाराचा वास आला. रमाबाईंचे उत्तर साधारण असे की, श्रद्धेने आपण ख्रिस्ती झालो, पण पूर्वजांच्या ज्या चालीरीती श्रद्धेच्या आड येत नाहीत त्या टाकण्याचे कारण आपल्याला दिसत नाही. त्यांना दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्याला आणि आपल्या देशभगिनींना ती भाषा कळत नाही, मग संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न तेव्हा उद्धट ठरला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी केली आणि आज आपण अमरावतीत मराठीतून मिस्सा ऐकतो. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षांनी चर्चनेच त्या प्रश्नाला होकार दिला. तेव्हा जेराल्डिन यांना श्रद्धा आणि सवय यांतला फरक करता आला नाही, हे मान्य करावे लागते. बाळाच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा असतो, कारण बाळ दोन्ही गोष्टी एकाच घासाबरोबर गिळते.

मनोरमेसंबंधी रमाबाईंची सर्वांत तळमळीची मागणी हीच आहे. मुलीने आपण भारताची कन्या आहोत हे सांगताना लाजू नये, आपल्या लोकांचे नाव निघाले की तिची मान खाली जाऊ नये, अशी त्यांची इच्छा पत्रांत उतरली आहे. एकट्या, परावलंबी, कानांनी अधू होत चाललेल्या तरुण आईने आपल्या आश्रयदात्रीला हे लिहावे, यातले धैर्य थोडे नव्हे. ज्या छपराखाली लेकरू निजते त्या छपराच्या मालकिणीशी भांडणे किती अवघड असते, हे परदेशी पाळणाघरावर विसंबलेल्या प्रत्येक आईला ठाऊक आहे.

आणि तरीही त्यांनी 'आजीबाई' हा शब्द टाकला नाही. या ग्रंथाचे मोल आम्हांला येथे दिसते. १८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेस गेल्या. आनंदीबाई जोशींचा पदवीदान समारंभ हे निमित्त होते. पण काम वाढत गेले, व्याख्यानांचे दौरे सुरू झाले, आणि मनोरमेला पुन्हा वाँटेजलाच धाडावे लागले. जिच्याशी मतभेद विकोपाला गेले होते, तिच्याच हाती आईने मुलगी दिली. विचार न जुळूनही विश्वास टिकू शकतो, याचे असे लेखी प्रमाण आम्हांला दुसरीकडे क्वचितच आढळले.

ग्रंथाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. हा संग्रह एका पक्षकाराच्या हातचा आहे. जेराल्डिन यांनी जे जपले ते आपल्यापुढे आले. बाळाच्या दिनचर्येचे तपशील हवे तितके मिळत नाहीत. मनोरमा थंडीत काय ल्याली, काय खाल्ले, रात्री रडली तेव्हा कोणत्या भाषेत समजूत काढली, हे जाणण्याची आपली भूक भागत नाही. मोठ्या माणसांच्या वादात लेकरू बरेचदा मुद्दा होऊन जाते. आणखी एक खंत आहे. रमाबाईंनी मराठीत 'इंग्लंडचा प्रवास' लिहिला, १८८९ साली 'यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा थोर ग्रंथ दिला. पण ती पुस्तके लोकांसमोर बोलणाऱ्या पंडितेची आहेत. चिंतातुर आई इंग्रजी पत्रांतच राहिली. बाहेरचे जग मराठीत आणि घर इंग्रजीत, असा हा उलटा संसार आहे. या पत्रांचा सुबोध मराठी अवतार आपल्या घरोघरी पोहोचावा, असे आम्हांला मनापासून वाटते.

हा विषय वऱ्हाडातील वाचकाला केवळ परदेशी गेलेल्या लेकींसाठी महत्त्वाचा आहे, असे नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला आणि मिशनांच्या अनाथालयांत पोरकी लेकरे आली. परक्या देशांतून, आपापली माहेरे सोडून आलेल्या स्त्रियांनी ती वाढवली. आपल्यापैकी काही कुळांची पहिली आजीबाई अशीच गोऱ्या हातांची असेल. तिने प्राण वाचवले; त्याबरोबर काही गाणी, काही सण, काही शब्द गळून गेले असतील. कृतज्ञता बाळगून या हानीविषयी बोलणे आपल्याला अजून नीट जमलेले नाही. रमाबाईंच्या पत्रांनी ते कसे बोलावे याचा धडा दिला आहे: मायन्यात आजीबाई म्हणावे, आणि मजकुरात आपले म्हणणे सोडू नये.

पोप बारावे पायस यांनी १ ऑगस्ट १९५२ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'एक्झुल फमिलिया' या पत्रकात, इजिप्तमध्ये परागंदा झालेले नाझरेथचे पवित्र कुटुंब हे सर्व स्थलांतरित कुटुंबांचे आद्य उदाहरण म्हणून पुढे ठेवले. मत्तयच्या शुभवर्तमानात त्या इजिप्तवासाला मोजक्याच ओळी लाभल्या आहेत. बाळ येशूला तिथे कोणी खेळवले, पवित्र मरियेला कोणत्या शेजारणीने मीठ-सरपण दिले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण कोणीतरी दिले असणारच. आणि त्या शेजारणीची माया घेऊनही मरियेने बाळाला आपल्याच लोकांच्या प्रार्थना शिकवल्या असणार, असा आमचा विश्वास आहे. आईवडील हेच मुलाचे पहिले व मुख्य शिक्षक, असे व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले, त्याचे मूळ आम्हांला त्या घरात दिसते.

कथेचा शेवट वाचकांना ठाऊक असेल. रमाबाईंच्या शंका वादाने मिटल्या नाहीत. पुढे भारतात परतल्यावर, स्वतःच्या वाटेने, त्यांना ख्रिस्ताची गाढ अनुभूती आली आणि १९०७ साली त्यांनी तिची साक्ष लिहिली. मनोरमा आईच्या कामात, शारदा सदनात आणि केडगावच्या मुक्ती मिशनात, तिचा उजवा हात झाली. २४ जुलै १९२१ रोजी ती आईच्या आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. वाँटेजच्या मठात वाढलेल्या मुलीने केडगावच्या पोरक्या मुलींमध्ये आयुष्य घालवले. आईची मागणी फळाला आली होती, आणि आजीबाईची मायाही वाया गेली नव्हती.

ज्यांची लेक परदेशी आहे अशा आयांनी आणि आज्यांनी हा ग्रंथ जमेल तसा वाचावा, वाचवून घ्यावा. लेकीच्या शेजारणीविषयी मनात असूया येईल, तेव्हा तिचे नाव आपल्या रोजच्या रोझरीत घ्यावे. आणि फोनवर नातवाशी बोलताना मराठी सोडू नये. वाँटेजच्या मठातल्या एका इंग्रज बाईला जर 'आजीबाई' हा शब्द आपलासा वाटला, तर आपल्या नातवंडांना तो जड जाण्याचे काही कारण नाही.