ब्रास मोजले, माणसं राहिली

वाळू उपशाचा उपजीविकेवर काय परिणाम होतो, हा विषय घेतला की आपण आधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल उघडतो. मीही तेच केलं आणि फसलो.

थोडी पार्श्वभूमी. दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. पुढे १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने या अहवालाचा साचा दिला. त्यात वाळूसाठी पट्ट्यांची यादी, तीन वर्षांचं स्वामित्वधन, उत्पादन, गाळ साचण्याची प्रक्रिया, पर्जन्यमान असे रकाने आहेत. गाळाचा रकाना खरंच मोलाचा. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. वरचा गाळ तिथे अडतो, त्यामुळे खाली उपसलेली वाळू तेवढ्याच वेगाने परत येईल असं धरून चालत नाही.

पण मजुरीचा रकानाच नाही.

आता वसमत तालुक्यातलं हट्टा डोळ्यांसमोर आणा. हा हळदीचा पट्टा. हळद आठ-नऊ महिने शेतात उभी असते, तिला विहिरीचं पाणी लागतं. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. ती गेली की काठच्या विहिरींवर ताण येतो. उलट बाजूला ट्रॅक्टर भरणारा मजूर, ट्रॅक्टरवाला, गवंडी यांची चूल त्याच वाळूवर पेटते. आणि एकाच घरात भाऊ हळद लावतो, दुसरा ट्रॅक्टर भरतो, असंही असू शकतं. मग हे घर 'लाभार्थी' की 'बाधित'?

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 'मुख्य व्यवसाय' असा एकच रकाना होता. म्हणजे ज्या साच्यावर मी टीका करत होतो, तोच मी घरोघरी घेऊन जाणार होतो! गाईडनी एवढंच विचारलं, "पावसाळ्यात उपसा बंद असतो, तेव्हा हा माणूस काय करतो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून अहवाल जरूर वाचा, पण नदी आणि महसूल समजण्यासाठी. उपजीविकेसाठी महिनावार कॅलेंडर करा: कोणत्या महिन्यात, घरातल्या कोणी, कशातून कमावलं आणि विहिरीला पाणी किती होतं. स्वामित्वधन वाढलं म्हणजे गावाची कमाई वाढली, हा निष्कर्ष मात्र त्या अहवालातून काढू नका. तो त्यात नाहीच.