ब्रिटिश ताम्रनाण्यांचे ठसाभेद : पेक यांच्या सूचीच्या निमित्ताने

इंग्लंडातील तांब्याच्या, कथिलाच्या व ब्राँझच्या नाण्यांची सी. विल्सन पेक यांनी सिद्ध केलेली सूची ब्रिटिश म्युझियमने १९६० साली प्रसिद्ध केली आणि १९६४ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. तेव्हापासून या क्षेत्रात ‘पेक-क्रमांक’ हाच नाण्याच्या ओळखीचा आधार मानला जात आला आहे. इतक्या प्रतिष्ठित ग्रंथाची चिकित्सा करावयाची ती त्यातील स्खलने वेचण्यासाठी नव्हे. ठसाभेद कशाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर त्यात सर्वत्र सारखे मिळत नाही, हे तिचे खरे कारण आहे.

या विषयाचा पाया अर्नेस्ट ब्रामा यांनी १९२९ साली घातला. चार्ल्स दुसरा ते व्हिक्टोरिया या कालखंडातील राजमान्य ताम्रनाण्यांचे भेद व त्यांची दुर्मिळता त्यांनी प्रथमच पद्धतशीरपणे मांडली. हे ब्रामा म्हणजेच मॅक्स कॅरॅडोस या अंध गुप्तहेराचे जनक. हा गुप्तहेर पहिल्याच कथेत बनावट ग्रीक नाणे केवळ बोटांच्या स्पर्शाने ओळखतो. कथेतील ही करामत बाजूला ठेवली तरी सूक्ष्म भेदावर दृष्टी खिळवण्याची वृत्ती दोन्हीकडे एकच दिसते.

परंतु भेद दिसणे निराळे आणि तो ठशाचा भेद असणे निराळे. तिसऱ्या विल्यमच्या काळात ठेकेदारांकडून पाडून घेतलेल्या हाफपेनी पाहाव्यात. त्यांच्या ठशांवर प्रत्येक अक्षर सुट्या पंचाने हाताने ठोकले जाई. साहजिकच कोठे ‘ए’ची आडवी रेघ राहून गेली आहे, तर कोठे ‘ए’च्या जागी उलटा ‘व्ही’ ठोकला आहे. लेखातील एखादा बिंदू नसणे हाही भेद म्हणून सूचीत नोंदलेला आढळतो. येथे सावधगिरी हवी. ठशातील बारीक खळग्यात वंगण वा कचरा साचला की तेथील बिंदू नाण्यावर उमटत नाही आणि ठसा साफ केल्यावर तोच बिंदू पुन्हा उमटू लागतो. अशा वेळी एकाच ठशाला दोन क्रमांक मिळण्याचा संभव असतो. उलट व्हिक्टोरियाच्या १८४१ च्या पेनीवर ‘रेग’ या शब्दापुढील द्विबिंदू नसलेली नाणीच बहुसंख्य आहेत, असलेली विरळा. एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा अभाव कचऱ्याने घडत नाही. तो टाकसाळीतील बदलच मानला पाहिजे. सूचीत मात्र हे दोन्ही प्रकार एकाच पंक्तीत बसतात आणि हौशी संग्राहक दोहोंसाठी सारख्याच उत्साहाने पैसे मोजतो.

ज्या भेदामुळे टाकसाळीच्या व्यवहारावर प्रकाश पडतो, त्याचे मोल अर्थातच वेगळे. १८६० साली ब्राँझचे नाणे आले. त्याच सालाची तांब्याची पेनीही अल्प प्रमाणात मिळते आणि तिच्या वर्षांकाखाली १८५९ चे अंक डोकावतात. मोडीत निघणाऱ्या धातूसाठी नवा ठसा कोरण्याऐवजी जुनाच वापरून घेतला गेला, हे या एका नाण्यावरून कळते.

पेक यांची थोरवी दिसते ती सोहो टाकसाळीच्या प्रकरणांत. मॅथ्यू बोल्टन यांच्या बर्मिंगहॅमजवळील या कारखान्यात १७९७ पासून वाफेच्या यंत्रावर एक औंसाची पेनी व दोन औंसांची टूपेन्स पाडली गेली. १७९७ हेच साल पुढील दोन वर्षांतील नाण्यांवरही कायम राहिल्यामुळे वर्षांकावरून क्रम लावण्याची सोयच उरली नाही. पेनीवरील राजाच्या माळेत कधी दहा पाने असतात, कधी अकरा. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सोहोचे जुने ठसे लंडनच्या डब्ल्यू. जे. टेलर यांच्या हाती गेले व त्यांनी त्यांवरून संग्राहकांसाठी नवी नाणी पाडली. म्हणजे ठसा अस्सल, नाणे मात्र उत्तरकालीन. वजन, धातू वा चित्र यांच्या आधारे हा गुंता सुटत नाही. पेक यांनी ठशांच्या अवस्थेचा माग घेतला. ठेवणीतल्या ठशाला गंज चढला की त्यावर खळगे पडतात आणि नाण्यावर ते उंचवट्याच्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. हे ठिपके कोणत्या नाण्यावर नाहीत, कोणत्यावर आहेत, आणि ते झाकण्यासाठी ठसा पुन्हा कोठे घासला आहे, हे ताडून त्यांनी बोल्टनकालीन नाणी व टेलरची पुनर्मुद्रिते वेगळी केली. इतरत्र भेदांची गणना करणारे पेक येथे भेदांकडून साक्ष वदवून घेतात. ग्रंथाचा हा भाग वाचल्यावर उरलेल्या भागाबद्दलची अपेक्षा वाढते, हीच त्याची अडचण.

मायकेल फ्रीमन यांनी १९७० साली ब्राँझ नाण्यांसाठी वेगळा मार्ग स्वीकारला. पुरोभागाच्या ठसाप्रकारांना अंक, पृष्ठभागाच्या प्रकारांना अक्षरे, आणि नाणे म्हणजे या दोहोंची जोडी. त्यामुळे १८६० च्या पेनीवर एका बाजूस मण्यांची व दुसऱ्या बाजूस दात्यांची कडा आली की ही विजोड जोडी आपोआप उघडी पडते. तांब्याच्या नाण्यांसाठी पेक यांनी ही रीत आधीच अवलंबिली असती, तर पुष्कळ बिंदू आपल्या योग्य जागी, तळटीपेत, गेले असते. फ्रीमन यांना काळही अनुकूल होता. व्हिक्टोरियाच्या ब्राँझ पेनी १९६० नंतरही दुकानदाराच्या गल्ल्यात सापडत असत. १९७१ साली जुनी पेनी चलनातून गेली आणि असा नमुनासंग्रह फुकट मिळण्याचे दिवस संपले.

याच सोहो टाकसाळीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली पाडलेल्या, एका बाजूस कंपनीचे बोधचिन्ह व दुसऱ्या बाजूस तराजू आणि ‘अदल’ हा शब्द असलेल्या तांब्याच्या नाण्यांचा विचार पेक यांच्या कक्षेबाहेर राहिला आहे. कारखाना तोच आणि ठसे घडवण्याची रीतही तीच. तेव्हा गंजाच्या ठिपक्यांची ही कसोटी आपल्याकडील संग्रहांतील त्या नाण्यांना लावून पाहता येईल. त्यासाठी भिंग आणि एकाच प्रकारची बरीच नाणी शेजारी ठेवून पाहण्याची सवड, एवढेच साहित्य पुरे आहे.