आवडत्याला बोलावणं आणि अनोळख्याला ऐकणं



विषय ठरवताना संयोजकांनी मला विचारलं, 'क्राउडफंडिंग'ला मराठीत काय म्हणायचं? मी म्हटलं, वर्गणी म्हणा. तर ते म्हणाले, पत्रिकेवर 'वर्गणी' छापलं तर कुणी येणार नाही. (हशा) म्हणून पत्रिकेवर 'लोकसहभाग' आहे. पण मी आज वर्गणी हाच शब्द वापरणार आहे. त्यात पैसे मागणारा माणूस दारात उभा असलेला दिसतो. 'लोकसहभागा'त तो दिसत नाही.

प्रश्न साधा आहे. गावातल्या चाहत्यांनी आपणच पैसे जमवून आवडता बँड किंवा आवडता गायक गावात आणायचा, या प्रकाराचं काय करायचं? कौतुक करायचं, की त्याकडे जरा टीकेच्या नजरेनं पाहायचं? मी दोन्ही करणार आहे.

आधी बाहेरचं सांगतो, कारण तिथे या कल्पनेला नीट आकार आला. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो शहरात 2010 साली काही मित्रांनी 'केरेमोस' नावाची मोहीम सुरू केली. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'आम्हाला हवंय'. परदेशी बँड ब्राझीलला यायचे, साओ पावलोला वाजवायचे आणि रिओला न येताच परत जायचे. रिओतले आयोजक धोका घ्यायला तयार नव्हते. मग या मंडळींनी चाहत्यांकडूनच आगाऊ पैसे घेतले आणि माइक स्नो हा स्वीडिश बँड शहरात आणला. त्यातली मेख बघा. आगाऊ पैसे भरणाऱ्यांमुळे कार्यक्रम पक्का होतो. मग नेहमीची तिकीटविक्री सुरू होते. ती पुरेशी झाली, की आधी पैसे भरणाऱ्यांना ते परत मिळतात. म्हणजे ज्यांनी जोखीम घेतली त्यांचा कार्यक्रम फुकट. मला ही युक्ती फार आवडते.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंड नावाचं शहर आहे. फू फायटर्स हा मोठा बँड तिथे कित्येक वर्षं फिरकला नव्हता. चाहत्यांनी 50 डॉलरचं एक अशी 1400 तिकिटं आधीच विकली, 70 हजार डॉलर दाखवले, आणि बँड 17 सप्टेंबर 2014 ला तिथे येऊन वाजवून गेला. पुढच्याच वर्षी इटलीतल्या चेझेना या छोट्या शहराच्या लोकांनी कहर केला. एक हजार वादक एका मैदानात जमवले, त्याच बँडचं गाणं एकत्र वाजवलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि 'आता या' म्हणून साद घातली. त्यालाही पैसा लोकांनीच दिला होता. नोव्हेंबर 2015 मध्ये बँड चेझेनाला आला.

आता रत्नागिरीकडे या. साओ पावलो आणि रिओचं जे नातं, तेच मुंबई-गोवा आणि आपलं आहे. बँड मुंबईहून गोव्याला जातो. आपल्याच स्टेशनवरून जातो. झोपेत जातो. (हशा) आपल्याकडे पोरं इन्स्टाग्रामवर लिहितात, 'दादा, रत्नागिरीला कधी?' खाली हजार बदाम पडतात. त्या बदामांची तिकिटं होत नाहीत, हे आयोजकाला पक्कं माहीत असतं.

का होत नाहीत, ते जरा हिशेबानं पाहू. आकडे समजण्यापुरते घेतोय. सात-आठ जणांचा बँड आणायचा, तर मानधन, दोन दिवसांचा प्रवास, राहणं-जेवण, बाहेरून मागवलेली ध्वनियंत्रणा, लाइट, जनरेटर, सभागृहाचं भाडं, परवाने. समजा, सहा लाख झाले. सहाशे खुर्च्या भरल्या तर माणशी हजार रुपये. आता चारशेच लोक आले, तर दोन लाखांचं भोक पडलं. ते कोण बुजवतं? गावात हौसेनं कार्यक्रम करणारी चार डोकी असतात, ती बुजवतात. त्यातला एखादा घरी न सांगता ठेव मोडतो. आणि अशा एका रात्रीनंतर ती चार डोकी पुढची पाच वर्षं काही करत नाहीत. लहान गावातली संगीताची चळवळ अशी संपते. लोकांना रस नसतो असं नाही. रस असलेल्या लोकांचा धोका मोजक्या चौघांच्या खिशात साठतो, म्हणून संपते. आगाऊ वर्गणीच्या मोहिमेनं हा धोका चारशे खिशांत वाटला जातो. तिचं खरं मोल मला इथे दिसतं, 'चाहत्यांची ताकद' वगैरे घोषणेत नव्हे.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं, असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे. मराठी नाटकात 'कॉन्ट्रॅक्ट शो' हा काय प्रकार आहे? एखादं मंडळ निर्मात्याला ठरलेली रक्कम देतं, प्रयोग विकत घेतं आणि तिकिटं आपली आपण खपवतं. मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहात आपल्या गावांच्या ग्रामस्थ मंडळांनी वर्षानुवर्षं नमन आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग असेच लावले. प्रत्येक सभासदाच्या हातात तिकिटांचं बुक. गिरणीत, चाळीत, गाडीत, जिथे गाववाला भेटेल तिथे तिकीट फाडायचं. उरलेल्या पैशातून गावातल्या देवळाचं छप्पर नाहीतर पाण्याची टाकी. आपला चाकरमानी हे सगळं कीबोर्डशिवाय करत होता.

त्याहून मोठी उदाहरणंही आहेत. अंताजी दामोदर काळ्यांचा पैसा फंड घ्या. माणशी एक पैसा, त्याला टिळकांचा पाठिंबा, आणि त्यातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना. किंवा श्याम बेनेगलांचा 'मंथन'. 1976 चा सिनेमा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. दोन्हीकडे देणाऱ्याला बदल्यात पहिल्या रांगेची खुर्ची मिळाली नव्हती. पैसा फंडाला पैसा देणाऱ्याला काचेचा कंदीलही मिळाला नव्हता! हे लक्षात ठेवा, कारण माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते.

चाहत्याची वर्गणी ही खरं तर आगाऊ खरेदी असते. मला हवंय, मी पैसे देतो, मला मिळतं. गावच्या वर्गणीत तसं नसतं. शिमग्याला घरटी वर्गणी काढतात. ज्याला नमन आवडतं तो देतो, ज्याला त्याचं काही नाही तोही देतो. मुंबईहून जो येऊच शकला नाही, तोही पाठवतो. आणि खेळ अंगणात होतो, तिकीट नाही. ज्या म्हातारीनं पाच रुपयेसुद्धा दिले नाहीत, तीही पुढे बसून बघते. तिला कुणी उठवत नाही. ती गर्दी चाहत्यांची नसते, गावाची असते. त्यात एखादं पोर असतं, ज्यानं आयुष्यात पहिल्यांदा मृदंग जवळून ऐकलेला असतो. ते पोर कुठल्याही मोहिमेच्या यादीत सापडणार नाही. अजून न ऐकलेल्या गोष्टीची मागणी ते नोंदवणार कसं?

पण थांबा. गावच्या वर्गणीचं मी गोडगोड चित्र काढणार नाही. त्या वहीत जुलूमही असतो. नाव खाली आलं की चर्चा. मानपानावरून भांडणं होतात, पालखी अडते, कोर्टात जातात लोक. कुणाचं घर वर्गणीत धरायचं आणि कुणाचं मानात धरायचं नाही, हे जातीवरून ठरलेलं आपण पाहिलेलं आहे. त्या तुलनेत ऑनलाइन पाचशे रुपये भरणाऱ्याला त्याचं आडनाव कुणी विचारत नाही. तरुण मुलं त्या वहीपासून दूर पळतात, तर त्यांना दोष देण्याआधी वही उघडून बघावी.

तरीही मोहिमेबद्दलचा माझा मुख्य आक्षेप शिल्लक राहतो, आणि तो संगीताचा आक्षेप आहे. मोहिमेत फक्त आवडतं तेच येऊ शकतं. मागणी आधी नोंदवायची, म्हणजे नाव आधी माहीत हवं. नाव माहीत कशामुळे? टीव्हीवरच्या स्पर्धेमुळे, मोबाइलमुळे, सिनेमामुळे. म्हणजे निवड दुसरीकडे कुठेतरी होऊन गेलेली असते. आपण फक्त पैसे भरून तिच्यावर शिक्का मारतो. मग तीच आठ गाणी, त्याच क्रमानं, मोबाइल वर करून. आलेला कलाकारही हुशार असतो. लोकांनी कशासाठी पैसे भरलेत हे त्याला ठाऊक असतं. तो नवीन गाणं वाजवत नाही. वाजवलं तर लोक त्या वेळात वडापाव आणायला जातात. (हशा) हसू नका, मी कार्यक्रमांवर लिहितो, कोण कधी उठतं हे बघणं माझं कामच आहे.

याच्या शेजारी म्युझिक सर्कल ठेवून पाहा. कोल्हापूरचा देवल क्लब 1883 चा. पुण्याचा भारत गायन समाज भास्करबुवा बखल्यांनी 1911 साली काढला. अशा संस्थांमागची पद्धत काय? सभासद वर्षाचे पैसे भरतो आणि वर्षभरात कोण गाणार हे त्याला माहीत नसतं. म्हणजे तो न ऐकलेल्या गाण्याचे पैसे भरतो! दहा सभांपैकी चार त्याला रुचतात, तीन कंटाळवाण्या होतात, आणि एखाद्या संध्याकाळी कुणी एक अनोळखी मुलगी मारवा गाते आणि तो घरी जाताना गाडी चुकीच्या वळणावर घेतो. आवडता कलाकार तयार होतो तो तिथे. मोहीम नंतर त्याला फक्त बोलावते.

रत्नागिरीचं नशीब असं, की इथे ही सवय जिवंत आहे. खल्वायनच्या मासिक मैफली वर्षानुवर्षं चालू आहेत. आर्ट सर्कल दर जानेवारीत थिबा राजवाड्याच्या आवारात महोत्सव भरवतं. हद्दपार राजाला राहण्यासाठी 1910 साली बांधलेल्या त्या वाड्यासमोर, उघड्यावर, थंडीत शाल घेऊन बसलेले लोक मी पाहतो, तेव्हा त्यातले निम्मे 'अमुकच हवा' म्हणून आलेले नसतात. 'जानेवारी आला, म्हणून' आलेले असतात. या वाक्यात किती वर्षांचं काम आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. असा श्रोता पैसे टाकून एका रात्रीत विकत मिळत नाही.

मग सर्कलवाल्यांनी शहाणपणा मिरवावा का? नाही. त्यांच्या सभांना जा आणि डोकी मोजा. पांढरी किती, काळी किती. ज्यांना बँड हवाय ती पोरं तिथे नाहीत. आणि त्यांना 'आधी ख्याल ऐका' असं सांगणं म्हणजे भुकेल्याला आधी सोवळं नेसायला सांगणं. त्यांचा बँड आला पाहिजे, त्यांच्या पैशानं आला पाहिजे, आणि ध्वनियंत्रणा चांगली असली पाहिजे. दहाच्या आत संपलं पाहिजे हेही आहेच. लाउडस्पीकरचा नियम आपल्याला काही चुकत नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते, ती बोलूनच टाकतो. बाहेरचा बँड आणायला सहा लाख उभे राहतात आणि त्याच तालुक्यातला शक्ती-तुऱ्याचा शाहीर ऐन गणपतीत रात्रभर सवाल-जवाब करतो, त्याला मिळणारी बिदागी आपण सांगायलाही लाजतो. सकाळी तो कामावर जातो. बँडचं मानधन 'प्रोफेशनल' आणि शाहिराचं 'हौस', हा भेद कुठल्या वहीत लिहिलाय? बँडला पूर्ण पैसे मिळालेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच, की पैसे आधी जमवण्याची जी शिस्त मोहिमेनं आणली, ती शाहिरासाठीही वापरता येते. त्याची बिदागी ठरवा, तेवढी जमली की सुपारी द्या.

(प्रश्न: मग तुम्ही मोहिमेत पैसे भरता की नाही?)

भरतो. आणि मोहीम काढणारी मुलं सल्ला विचारतात, तेव्हा एक अट सुचवतो. एकट्या बँडची मोहीम काढू नका, तीन सभांची काढा. पहिली बँडची. दुसरी इथल्या नमनाची किंवा शक्ती-तुऱ्याची, पूर्ण बिदागी देऊन. तिसरीचं नाव जाहीरच करायचं नाही, तिशीच्या आतला एखादा गायक किंवा वादक, ज्याला अजून फारसं कुणी बोलावत नाही. तिकीट तिन्हींचं एकत्र. केरेमोससारखी परताव्याची सोय ठेवा, पण आधी पैसे भरणाऱ्याला परतावा तिसऱ्या सभेच्या दारात, हजेरी लावल्यावरच द्या. (हशा)

(प्रश्न: आणि तिसऱ्या सभेला कुणी आलंच नाही तर?)

मग परताव्याचे पैसे वाचतील, आणि त्यातून त्याच मुलाला पुढच्या वर्षी परत बोलवा.