‘आफ्रिकी नेत्रकृमी’: एका संज्ञेची चिकित्सा

पारिभाषिक संज्ञा सुबोध असावी, एवढेच पुरेसे नाही; तिने दिशाभूल करू नये, हेही पाहावे लागते. लोआ लोआ या परोपजीवी कृमीच्या इंग्रजी नावाचा ‘आफ्रिकी नेत्रकृमी’ हा शब्दशः अनुवाद या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

‘नेत्रकृमी’ हा षष्ठी तत्पुरुष मानल्यास नेत्र हेच ज्याचे वसतिस्थान, असा कृमी सूचित होतो. वस्तुतः लोआ लोआ त्वचेखाली राहतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून तो केव्हातरी सरकत जातो, इतकेच. उलट थेलाझिया हा कृमी पापणीच्या आतच वास्तव्य करतो. कुत्र्यांमधील डायरोफिलारिया डासामार्फत माणसात येतो आणि वाट चुकून कधी डोळ्यात पोचतो. केरळातून अशा अनेक रुग्णांची नोंद झाली आहे. तिघांनाही लागू पडणारे नाव निदानास कितपत साहाय्यक ठरेल?

विशेषणाचा दोष अधिक गंभीर आहे. मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या अरण्यप्रदेशात क्रायसॉप्स माशीच्या दंशाने लोआ लोआ पसरतो, हे खरे. परंतु मॉन्जँ या फ्रेंच शल्यवैद्याने १७७० मध्ये त्याची जी आद्य नोंद केली, ती कॅरिबियन बेटावर गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी स्त्रीची होती. शिवाय हा कृमी शरीरात १५ वर्षांहून अधिक काळ जगू शकतो. तेव्हा ‘अलीकडे परदेशी गेला होतात काय?’ हा प्रश्न अपुरा पडतो. काँगोतील शांतिसेनेत भारतीय सैनिक गेलेले आहेत. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात गावाचे नावच ‘सैनिक टाकळी’ आहे, तेथे हा मुद्दा केवळ पुस्तकी नव्हे. हत्तीरोगावर आपल्याकडे दिले जाणारे डाय-इथिल-कार्बामाझिन हे औषध, रक्तात लोआचे सूक्ष्मकृमी विपुल असलेल्या रुग्णाच्या मेंदूस घातक ठरू शकते. दुसरीकडे, जन्मात जिल्हा न ओलांडलेल्या रुग्णाच्या डोळ्यातील कृमी ‘आफ्रिकी’ या शब्दामुळे अविश्वसनीय वाटण्याचा संभव असतो.

याउलट ‘नारू’ पाहावा. युरोपीयांनी ज्या कृमीला गिनी प्रदेशाचे नाव दिले, त्याला मराठीने स्वतःचे नाव दिले आणि तो आपल्याच विहिरींतून येतो, हे त्या नावाने झाकले नाही. २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

सारांश, ‘लोआ’, ‘थेलाझिया’, ‘डायरोफिलारिया’ ही नावे मराठीत तशीच स्वीकारावीत आणि प्रवासाचा इतिहास रुग्णास स्वतंत्रपणे विचारावा. रुग्ण कोठून आला, याचे उत्तर त्यानेच द्यावयाचे असते. संज्ञेने ते आधीच देऊन ठेवणे इष्ट नव्हे.