जाहिरातीतला हरवलेला कर्ता

दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिका मी बरीच वर्षं तपासते आहे. उपयोजित लेखनात जाहिरात लिहायचा प्रश्न असतो. विषय छत्रीचा असो की उटण्याचा, मुलं 'खात्रीशीर', 'एकमेव', 'आजच भेट द्या' असं लिहितात आणि आकर्षक शब्दयोजनेचे गुण मिळवतात. लिहिलेलं खरं ठरायला कोणता पुरावा लागेल, हे कोणी विचारत नाही. आपण मुलांना जाहिरात लिहायला शिकवतो, वाचायला शिकवत नाही. या तक्रारीतून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या अकरावीच्या मुलांबरोबर मी एक प्रयोग केला. त्याचीच ही चिकित्सा.

यातली बहुतेक मुलं वारली आहेत. घरी बोली, पुस्तकात प्रमाण मराठी, महामार्गावरच्या फलकांवर गुजराती आणि इंग्रजी. जाहिरातींची मराठी बहुधा भाषांतरातून आलेली, म्हणून ती कोणाच्याच घरची नसते. तरीही छापील शब्दाचा दरारा इथे मोठा आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोला सावकाराच्या दारी राबवणारी लग्नगडी पद्धत याच भागातली. आपल्या कर्जाचा हिशेब राबणाऱ्याला वाचता येत नव्हता. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि त्यांनी वेठीला नकार दिला. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये या लढ्याची हकिकत सांगितली. त्या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अक्षरओळख नसल्यामुळे आजोबा फसले. नातवंडांना अक्षर येतं, पण अक्षर येणं आणि वाक्याची पारख असणं या दोन गोष्टी आहेत.

वर्गात प्रत्येकाने एक वाक्य आणायचं होतं. भिंतीवरचं, टेम्पोच्या भोंग्यातलं, वेष्टनावरचं किंवा मोबाइलमधलं, कुठलंही चालेल. त्याला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न व्याकरणाचा: कर्ता कुठे आहे? 'परिणामकारकता सिद्ध करण्यात आली आहे' या वाक्यात सिद्ध करणारा गायब आहे. प्रयोग ओळखण्याच्या प्रश्नात मुलं वर्षानुवर्षं 'कर्मणी' असं लिहून मोकळी होतात. कर्मणी प्रयोगात माणूस लपवता येतो, हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं.

दुसरा प्रश्न: वाक्य नेमकं किती वचन देतं? '१० किलोपर्यंत वजन घटते' यातला 'पर्यंत' फक्त वरची हद्द सांगतो. एक किलो घटलं तरी वाक्य खोटं होत नाही. 'मदत करते' हे तसंच. औषध मदत करतं एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण ते बरं करतं असं वाचतो.

तिसरा प्रश्न: वाक्य खोटं ठरलं तर बोलणाऱ्याचं काय जाईल? इथे मी लंडनच्या 'कार्बोलिक स्मोक बॉल'ची गोष्ट सांगितली. आमचं साधन सांगितल्याप्रमाणे वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीने १८९१मध्ये दिली. आमचा प्रामाणिकपणा दिसावा म्हणून १,००० पौंड बँकेत ठेवले आहेत, असंही तिने छापलं. एका बाईला आजार झाला, तेव्हा कंपनी म्हणाली, ती नुसती बढाई होती. १८९२मध्ये अपील न्यायालयाने कंपनीला पैसे द्यायला लावले. बढाई आणि वचन यांतली रेघ ओळखायला इतका चांगला धडा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

प्रयोगाचा पहिला निकाल मात्र वाईट होता. मुलं हुशार झाली आणि सरसकट अविश्वासू झाली. एका मुलाने लसीकरणाच्या फलकाखाली लिहिलं, 'बाई, हेही खोटंच.' चूक माझी होती. मी फक्त फसवी वाक्यं शोधायला लावली होती, आणि सगळंच खोटं मानणारा मुलगा सगळं खरं मानणाऱ्याइतकाच सहज फसतो. मग दुसऱ्या फेरीत टिकणारी वाक्यं शोधायला सांगितली. लसीच्या फलकावर कर्ता होता, वय होतं, आरोग्य केंद्राचं नाव होतं. जाऊन विचारता येत होतं. 'डहाणू-घोलवडचा चिकू' हे नावही तपासता येतं, कारण २०१६मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन वारली चित्रकलेलाही आहे. म्हणून कारखान्यात छापलेल्या चादरीवरच्या 'अस्सल वारली'तला 'अस्सल' हा शब्द मुलांनी बरोबर पकडला. ते चित्र कोणी काढलं, हा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे पुन्हा कर्ताच.

कायदा मुलांच्या बाजूने आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत खोटी हमी येते, तशी महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही येतं. ९ जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासाही द्यावा लागतो. मराठी दाव्याखाली बारीक इंग्रजी तारांकित ओळ दिसली की थांबायचं, एवढं त्यातून मुलं शिकली. पण तक्रार नंतर होते. वाचन आधी व्हायला हवं.

याचा उपयोग काय, ते एका मुलीने दाखवलं. बारावीनंतरच्या एका प्रशिक्षणाचं पत्रक तिच्या घरी आलं होतं. वडिलांनी फीसाठी भाताचे पैसे बाजूला काढले होते. पत्रकात मोठ्या अक्षरांत होतं, 'नोकरीसाठी १००% साहाय्य'. घरात सगळ्यांनी ते 'हमी' असं वाचलं होतं. तिने फोन करून विचारलं, "नोकरी लागली नाही तर पैसे परत, असं लिहून द्याल का?" पलीकडून उत्तर आलं, आधी प्रवेश घ्या, मग बोलू. पैसे घरातच राहिले.

तिला मराठीत फार गुण पडत नाहीत. तिचं शुद्धलेखन कच्चं आहे आणि जाहिरातलेखनात तिला यमक जुळवता येत नाही. त्या दोन शब्दांतला फरक मात्र तिने वेळेवर ओळखला, आणि त्यासाठी आपल्या गुणपत्रिकेत रकाना नाही. प्रश्नपत्रिकेत 'जाहिरात तयार करा' याच्या शेजारी 'पुढील जाहिरात तपासा' असा एक प्रश्न घालायला फार खर्च येणार नाही. तोवर सराव घरीही करता येईल. हा अंकही जाहिरातींच्या आधारावरच तुमच्या हाती आला आहे. त्यांतली एखादी घ्या आणि घरातल्या मुलाला विचारा, यातला कर्ता कोण?