पुढाऱ्याचें शील : पार्नेलच्या पतनाचीं तीन चित्रें

पुढारी निवडतांना त्याचें खासगी शील पाहावें कीं केवळ कर्तबगारी पाहावी, हा वाद लोकशाहीइतकाच जुना आहे. ख्रिस्ती राष्ट्रांत त्याला आणखी एक धार येते. ज्या धर्मानें व्यभिचाराचा दोष माणसाच्या दृष्टीपर्यंत नेऊन भिडविला, त्या धर्माच्या अनुयायानें मत देतांना तेवढ्यापुरता आपला धर्म दाराबाहेर काढून ठेवावा काय, असें श्रद्धावान मनुष्य विचारतो. आणि आमच्या मतें हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. मात्र नुसत्या तत्त्वचर्चेनें त्याचा उलगडा होईल असेंही वाटत नाहीं. एखादें घडलेलें उदाहरण घेऊन त्याची उलटसुलट तपासणी करावी हें बरें; आणि चार्लस स्टुअर्ट पार्नेल याच्या पतनाइतकें या कामीं उपयोगी पडणारें उदाहरण आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं. त्या प्रकरणावर इतिहासकार, स्वतः ती स्त्री आणि एक मोठा कादंबरीकार अशा तिघांनीं लिहून ठेविलें आहे, हा वाचकाचा आणखी एक लाभ.

पार्नेल हें नांव मराठी वाचकांस अगदींच परकें नसावें. न. चिं. केळकरांनीं आयर्लंडचा इतिहास मराठींत आणिला, आणि टिळकांनीं १९१६ सालीं काढलेल्या संघाचें ‘होमरूल’ हें नांव मूळ आयर्लंडचेंच. तरीपण हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. पार्नेल हा जन्मानें प्रॉटेस्टंट, विक्लो परगण्यांतला जमीनदार. परंतु कॅथलिक आयर्लंडनें त्याला आपला अनभिषिक्त राजा मानिलें. १८८० पासून पार्लमेंटांतील आयरिश पक्षाचें पुढारीपण त्याच्याकडे होतें. १८८६ सालीं ग्लॅडस्टनसाहेबांनीं होमरूलचें पहिलें बिल आणलें तें त्याच्याच पक्षाच्या एकवट बळामुळें. तें ३० मतांनीं पडलें. ‘टाइम्स’ पत्रानें त्याच्या नांवावर छापलेलें खुनांच्या समर्थनाचें पत्र बनावट होतें हें १८८९ सालीं शाबीत झालें, आणि त्याची कीर्ति शिखरास पोंचली. त्याच वर्षाच्या अखेरीस कॅप्टन ओशे नांवाच्या गृहस्थानें बायकोविरुद्ध घटस्फोटाची फिर्याद लाविली व तींत पार्नेलला गोंविलें. हा संबंध सुमारें दहा वर्षांचा होता. मुलेंही झालीं होतीं. पार्नेलनें बचाव केला नाहीं. १७ नोव्हेंबर १८९० रोजीं निकाल लागला, आणि तीन आठवड्यांच्या आंत पक्ष दुभंगून बहुसंख्य सभासद निघून गेले. सुमारें २८ त्याच्याजवळ राहिले. पुढें तीन पोटनिवडणुकींत त्याचे उमेदवार पडले. १८९१ च्या जूनमध्यें त्यानें ओशेबाईशीं लग्न केलें आणि ६ ऑक्टोबर रोजीं, वयाचीं ४५ वर्षें उलटलीं असतां, तो वारला.

पहिलें चित्र जॉन मोर्ले यांच्या १९०३ सालच्या ग्लॅडस्टन-चरित्रांतलें. हेच मोर्लेसाहेब पुढें हिंदुस्थानचे स्टेट सेक्रेटरी झाले. टिळकांची मंडालेस रवानगी त्यांच्याच कारकीर्दींतली. निकालानंतर इंग्लंडांतील मेथडिस्ट, बॅप्टिस्ट इत्यादि सरकारी चर्चबाहेरचे पंथ खवळून उठले. ह्यू प्राइस ह्यूज या वेस्लीपंथी उपदेशकानें, असल्या पुढाऱ्याशीं ख्रिस्ती लोकांनीं सहकार्य करितां कामा नये, असा पुकारा केला. लिबरल पक्षाची निम्मी ताकद या पंथांत होती. ग्लॅडस्टनसाहेब स्वतः अत्यंत धर्मनिष्ठ. परंतु पक्षाचा नायक झाल्यानें मी कोणाच्या धर्माचा व नीतीचा न्यायाधीश होत नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट बजाविलें, हें मोर्लेसाहेबच नमूद करितात. मग त्यांनीं जें पत्र लिहिलें त्यांत काय आहे? पार्नेल राहिला तर माझें नेतृत्व जवळजवळ निरर्थक होईल, एवढेंच. पापपुण्याचा शब्द नाहीं. मतांचा हिशेब आहे. त्या काळच्या सर्वांत श्रद्धावान मुत्सद्द्यानें धर्माचें माप हातांत घ्यावयाचें नाकारिलें, आणि तें माप ज्यांच्या हातीं होतें त्यांच्या दडपणापुढें मान मात्र तुकविली.

मोर्लेसाहेबांचें कथन स्वच्छ व संयमी आहे. पण त्यांत एक उणीव भासते. ते स्वतः अज्ञेयवादी. धर्मपंथीयांच्या क्षोभाकडे ते दर्यावर्दी माणसानें वादळाकडे पाहावें तसे पाहतात. वादळ आलें, शिडें उतरविणें भाग पडलें. त्या क्षोभाच्या मुळाशीं कांहीं न्याय्य होतें कीं काय, ही चौकशी त्यांच्या मनाला शिवत नाहीं. ज्या लक्षावधि साध्या माणसांना आपल्या पुढाऱ्याविषयीं खरोखरच लाज वाटली, त्यांच्या अंतःकरणांत हा चरित्रकार उतरत नाहीं.

दुसरें चित्र खुद्द ओशेबाईंचें. १९१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन भागांच्या आठवणींत त्यांनीं पार्नेलचीं खासगी पत्रें छापिलीं. त्या पत्रांतला पार्नेल संसारी, हळवा, प्रकृतीनें खचलेला असा मनुष्य आहे; पार्लमेंटांतल्या थंड, गूढ पुढाऱ्याशीं त्याचा मेळ घालणें कठीण जातें. हा क्षणिक विषयमोह नव्हता, त्याच्या दृष्टीनें तें लग्नच होतें, एवढें या पुस्तकानें निःसंशय सिद्ध होतें. पण प्रेमाच्या खरेपणानें सार्वजनिक प्रश्न मिटतो अशी जी समजूत पानोपानीं डोकावते, ती आम्हांस पटत नाहीं. तिकडे आतां वळूं.

तिसरें चित्र जेम्स जॉइस याच्या १९१६ सालच्या ‘ए पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट ॲज ए यंग मॅन’ या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणांत आहे, आणि कलेच्या दृष्टीनें तिन्हींत तेंच श्रेष्ठ. पार्नेल नुकताच वारला आहे. नाताळचें जेवण. लहानगा स्टीफन प्रथमच मोठ्यांच्या पंक्तीला बसला आहे. बाप आणि बापाचा मित्र केसी हे पार्नेलचे निष्ठावंत. घरांत राहणारी डँटी ही धर्माभिमानी बाई बिशपांच्या बाजूची. या बाईजवळ दोन ब्रश असत. एकाची पाठ तांबूस मखमलीची, ती मायकेल डेव्हिटसाठीं, आणि दुसऱ्याची हिरवी, ती पार्नेलसाठीं. पार्नेल पडल्यावर तिनें ती हिरवी मखमल कात्रीनें काढून टाकिली, एवढ्या एका तपशिलांत जॉइसनें सगळ्या देशाचा कौल सांगितला आहे. जेवतां जेवतां वाद पेटतो. धर्मगुरूंनीं राजकारणांत बोलावें कीं नाहीं, यावरून शब्दाला शब्द लागतो. शेवटीं बाई संतापून निघून जाते आणि केसी आपल्या मेलेल्या राजासाठीं हुंदके देतो. बापाच्याही डोळ्यांत पाणी येतें.

या प्रसंगाची टीकाकारांनीं पुष्कळ स्तुति केली आहे व ती यथार्थच आहे. तरीपण एक गोष्ट सांगितली पाहिजे. रडणारा मनुष्य वाचकाला आपल्या बाजूस ओढतो, आणि ओरडणारी स्त्री त्याला दूर लोटते. जॉइसनें अश्रू एका पारड्यांत टाकिले आणि त्रागा दुसऱ्यांत. पण डँटीचें म्हणणें कोणीं खोडून काढिलें काय? नीतीच्या बाबतींत आपल्या धर्मगुरूंनीं मौन धरावें काय, हा तिचा सवाल त्या टेबलावर जसाच्या तसा पडून राहतो. पुरुष तिला टोमणे मारतात, धर्मगुरूंची टवाळी करितात, उत्तर कोणी देत नाहीं. तें उत्तर देण्याचा प्रयत्न करणें हें आमच्या मतें वाचकाचें काम आहे.

तर मग पुढाऱ्याच्या शीलांतला कोणता भाग मतदाराचा? येथें एक जुनें प्रकरण उकरून काढावें लागतें. १८८६ च्या फेब्रुवारींत गॉलवेची जागा रिकामी होती. पार्नेलनें ती कॅप्टन ओशेला देऊं केली. हा गृहस्थ पक्षाची शपथ घ्यावयास तयार नव्हता. बिगर आणि हीली या सहकाऱ्यांनीं उघड विरोध केला. पार्नेल स्वतः गॉलवेस गेला आणि आपल्या नांवाचें सगळें वजन खर्चून त्यानें ओशेला निवडून आणिलें. चार महिन्यांनीं होमरूलच्या बिलावर मत देण्याची वेळ आली तेव्हां ओशेनें मतच दिलें नाहीं. एका स्त्रीच्या नवऱ्याचें तोंड बंद ठेवण्यासाठीं एक मतदारसंघ वापरला गेला, असाच याचा अर्थ बहुतेकांनीं केला. पुढें फिर्याद दाखल झाल्यावर पार्नेलनें डेव्हिटला, मी यांतून निष्कलंक बाहेर पडेन, असें आश्वासन दिलें. डेव्हिटनें तें खरें मानून बिशपांपर्यंत पोंचविलें. हीं दोन कृत्यें खासगी नव्हेत. परक्याची बायको हा पार्नेलचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न असेल. गॉलवेच्या मतदारांची जागा आणि सहकाऱ्यांचा विश्वास हा आयर्लंडचा प्रश्न होता. पण १८९० च्या गदारोळांत बोलबाला कशाचा झाला? कोर्टांत एका मोलकरणीनें सांगितलेल्या, पार्नेल आगीच्या शिडीवरून पळाल्याच्या गोष्टीचा. देशभर हंशा पिकला. गॉलवेची गोष्ट बाजूलाच राहिली.

ज्यांना बायबलचा आधार हवा त्यांना तो याच बाजूस मिळेल. दावीद राजानें उरीयाची बायको घेतली, हें नाथान संदेष्ट्याला ठाऊक होतें. त्यानें राजापुढें उभें राहून गोष्ट सांगितली ती गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची. म्हणजे बळाच्या दुरुपयोगाची. दावीदाला शासन झालें, घरांत कलह माजला, पण सिंहासन गेलें नाहीं. नाथानानें तोंडावर दोष दिला. गांवोगांव हिंडून प्रजेला राजद्रोह शिकविला नाहीं. अर्थात् दावीदाला मतें मागावयाचीं नव्हतीं, हा भेद आम्ही विसरत नाहीं. पण श्रद्धेनें घडलेली दृष्टि शीलांत आधीं काय पाहते, हें त्या कथेंत दिसतें.

दुसरी गोष्ट, माप सर्वांना एकच हवें. यावर जॉइसनेंच ‘डब्लिनर्स’ (१९१४) मधल्या ‘आयव्ही डे इन दि कमिटी रूम’ या लघुकथेंत बोट ठेविलें आहे, आणि ती कथा आम्हांस नाताळच्या जेवणाहूनही अधिक न्यायी वाटते. पार्नेलच्या स्मृतिदिनीं पाऊस पडत असतां एका म्युनिसिपल उमेदवाराचे भाडोत्री प्रचारक शेगडीभोंवतीं शेकत बसले आहेत. मजुरी मिळेल कीं नाहीं याची त्यांना धास्ती. सातवा एडवर्ड आयर्लंडला येणार, त्याचें स्वागत करावें काय, यावर बोलणें निघतें. राजाचें खासगी वर्तन सर्वश्रुत. पण त्यानें देशांत पैसा येईल म्हणून एक जण तें झांकून टाकूं पाहतो. तेव्हां दुसरा विचारतो, कीं केल्या कृत्यानंतर पार्नेल आपला पुढारी राहण्यास पात्र होता काय, आणि नसेल तर मग या राजाचें स्वागत आपण कां करावें? प्रश्न विचारला जातो, बाटलीचें बूच उडतें आणि बोलणें दुसरीकडे वळतें.

हें माप बदलणें आयर्लंडपुरतें नाहीं. अमेरिकेंत क्लिंटन यांचें प्रकरण गाजत असतां १९९८ सालीं सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनीं लोकाधिकाऱ्यांच्या नैतिक शीलाबद्दल रीतसर ठराव केला होता. खासगी आयुष्यांत अनीतीनें वागणारा अधिकारी सार्वजनिक कामांत नीतीनें वागूं शकेल काय, असा प्रश्न २०११ सालीं एका पाहणींत विचारला असतां गोऱ्या इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांपैकीं शेंकडा ३० जणांनीं ‘होय’ म्हटलें. २०१६ च्या निवडणुकीच्या सुमारास तोच आंकडा ७२ झाला. मधल्या पांच वर्षांत शुभवर्तमानाचा पाठ बदलला नव्हता, उमेदवार बदलला होता. उलट बाजूसही, १९९८ सालीं खासगी तें खासगी म्हणणाऱ्या पुष्कळांना २०१६ सालीं शीलाची महती आठवली. म्हणून डँटीला हंसतांना जरा जपून हंसावें. निदान तिनें आपल्या आवडत्या माणसाविरुद्ध कात्री चालविली होती.

राहतां राहिला धर्मगुरूंचा अधिकार. नीतीबद्दल बोलणें हें त्यांचें कामच. १८९० च्या डिसेंबरांत आयरिश बिशपांनीं पार्नेलविरुद्ध पत्रक काढलें, त्यांत अन्याय झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांनीं आधीं गप्प बसून वाऱ्याची दिशा पाहिली, एवढा मात्र डाग राहतो. पण सल्ला कोठें संपतो आणि सक्ति कोठें सुरू होते, हें मीथ परगण्यांत दिसून आलें. १८९२ च्या निवडणुकीच्या वेळीं तेथील बिशप नल्टी यांनीं पार्नेलपक्षाचा राजकीय पंथ म्हणजे धर्माला विरोध, असें पत्रक सर्व चर्चांतून वाचविलें. मत हा मोक्षाचा प्रश्न करून सोडला. मत देणाऱ्याची बुद्धि मग त्याच्याकडे उरली कोठें? उत्तर व दक्षिण मीथच्या दोन्ही निवडणुका धर्मगुरूंच्या गैरवाजवी दडपणाच्या कारणावरून न्यायाधीशांनीं रद्द ठरविल्या. त्यांत जागा गमावलेला एक सभासद म्हणजे मायकेल डेव्हिट. घटस्फोटाचा निकाल लागतांच, पार्नेलनें पुढारीपण सोडावें, असें छापून म्हणणाऱ्या पहिल्या आयरिश माणसांपैकीं तो एक होता, आणि तें त्यानें कोणत्याही बिशपाची वाट न पाहतां म्हटलें होतें. १८९३ सालीं दोन्ही जागांसाठीं पुन्हा मतें घेतलीं गेलीं. पार्नेलचे विरोधकच पुन्हा निवडून आले. डेव्हिट मात्र त्यांत नव्हता.